आतून कडी असलेली खोली

सास्तूरच्या उत्तरेश्वरानं आजवर एकही वस्तू फसून घेतली नव्हती, असं तो स्वतःच सगळ्या गावाला सांगत असे. बैल घ्यायचा तर दात नंतर बघायचे, आधी विकणाऱ्याचं गाव विचारायचं, हा त्याचा नियम. माणूस कुठला ते कळलं की जनावर कसलं ते कळतं. ह्याच नियमावर त्यानं तीन बैलजोड्या घेतल्या, एक मळणी यंत्र घेतलं आणि थोरल्या लेकीला नवरा बघितला. एक म्हैस मात्र घरी येऊन महिन्यात आटली होती, पण तिचा दोष त्यानं चाऱ्यावर ढकलला आणि विषय मिटवला. तेव्हा हैदराबादेत हॉटेल निवडायची वेळ आली तशी तो धाकट्या लेकीला म्हणाला, मला शिकवू नको, हॉटेल काय अन् बैल काय, बघायची रीत एकच.

आता सास्तूरच्या शेतकऱ्याला हैदराबादेत हॉटेल कशाला, असं तुम्ही विचाराल. तर त्याचं असं झालं. धाकटी वैष्णवी धाराशिवला नोकरीला लागली आणि पहिल्या पगाराला गावी आली. आईला म्हणाली, तुला काय पाहिजे ते माग. अयोध्याबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. पोरीला वाटलं, साडी मागेल, फार तर मिक्सर मागेल. अयोध्याबाईंनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "मला दोन दिस हॉटेलात ऱ्हायचंय. जिथं आपल्याला कुणी वळखत न्हाय असल्या जागी. आतनं कडी लावायची आन बसायचं."

कडीचं एवढं काय, असं दुसऱ्या गावच्या माणसाला वाटेल. पण उत्तरेश्वराच्या घरात आतून कडी नव्हतीच. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या रात्री त्याची आई कडी काढता काढता दारातच अडकली होती. वाचली, पण तेव्हापासून तिनं कडीशी दावा मांडला. नवीन गावात नवीन घर मिळालं, तर पहिल्याच दिवशी सुतार बोलावून तिनं दोन्ही खोल्यांच्या कड्या काढायला लावल्या. पळायला वाट पाहिजे, ती म्हणायची. अयोध्याबाई नवरी होऊन आल्या त्या ह्याच घरात. सासू, दीर, जाऊ, त्यांची पोरं, ह्यांची पोरं, आणि विरजण मागायला येणारी निम्मी गल्ली, सगळे दार ढकलूनच आत. न्हाणीच्या दारालासुद्धा आतून भरलेली बादली लावून बाईनं तीस वर्षं अंघोळी उरकल्या. म्हातारी जाऊन चार वर्षं झाली, पण कडी परत बसवायला कुणाचा हात धजला नाही.

उत्तरेश्वर तेव्हा बाहेर चपला घालत होता. बायकोचं बोलणं त्याच्या कानावर पडलं आणि गड्याची एक चप्पल हातातच राहिली. त्याला वाटलं, आपल्याशी चार शब्द एकांतात बोलायला ही बाई तीस वर्षं तरसली आणि आपण बाजारात बैलांची शेपटं उचलत फिरलो. त्याच्याकडंही बोलायचं साठलेलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला माहेरी जेवळीला सोडून परत येताना तो एसटीत रडला होता. कंडक्टरनं विचारलं तर डोळ्यात कचरा गेला म्हणाला होता. ही गोष्ट त्यानं बायकोला अजून सांगितली नव्हती, कारण घरात सांगायला गेलं की कुणीतरी विरजण मागायला यायचंच. आता तो ती सांगणार होता. एवढ्या मोठ्या हैदराबादेत कोण ओळखतंय, म्हणून तेच ठरलं होतं. तिथल्या तळ्याच्या बाजूची खिडकी, दोघांत एक कप चहा, आणि तीस वर्षांची थकबाकी. ह्या विचारानं त्याला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

वैष्णवीनं मोबाईलवर पाच हॉटेलं काढून दिली. कुणाला चार तारे, कुणाला साडेतीन. उत्तरेश्वराचा ताऱ्यांवर विश्वास नव्हता. खाली लोकांनी लिहिलेलं त्यानं चष्म्याशिवाय, फोन हातभर लांब धरून वाचलं. एकानं टॉवेल पातळ आहेत लिहिलं होतं, तर उत्तरेश्वर म्हणाला, हा टॉवेल चोरायला गेलेला दिसतोय. शेवटी त्यानं एकेका हॉटेलला फोन लावायला सुरुवात केली. भाव विचारायचाच नाही. तुम्ही मूळचे कुठले, एवढाच प्रश्न. पहिल्यानं फोन ठेवला. दुसरा भला होता, त्याच्याशी आपल्याकडच्या दखनीत पाऊसपाण्याचं अर्धा तास बोलणं झालं, पण खोली शिल्लक नव्हती. तिसऱ्या ठिकाणी हा आपला तोडकंमोडकं हिंदी बोलतोय, तर पलीकडून प्रश्न आला, "कुठनं बोलायलाव?"

झालं. तो मॅनेजर निघाला लोहारा तालुक्यातला. नाव शांतलिंग, आणि गाव जेवळी! उत्तरेश्वराला बैल खुंट्याला बांधल्यासारखं वाटलं. जेवळी माझी सासुरवाडी, म्हणजे तुम्ही माझे मेव्हणेच लागता, असं त्यानं तिथल्या तिथं नातं जोडलं आणि नात्याच्या जोरावर तळ्याच्या बाजूची वरच्या मजल्यावरची खोली निम्म्या भावात पदरात पाडून घेतली. वैष्णवी म्हणाली, बाबा, आईला ओळखीचं कुणी नको होतं. उत्तरेश्वर म्हणाला, अगं, तो खाली टेबलावर बसतो, तुझी आई वर खोलीत, दोघांची गाठ पडायची कशाला?

बायकोला त्यानं ह्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी अयोध्याबाईंनी विचारलंच, तिथं आपलं कुणी न्हाय ना? तर तो म्हणाला, कुत्रं बी वळखायचं न्हाय. घरात दोघांनी सांगितलं होतं की डोळे तपासायला निघालोय. नाहीतर हैदराबाद म्हणताच भावकीनं कुणाकुणासाठी लोणच्याच्या बरण्या आणि पोतंभर हुरडा बरोबर दिला असता. अयोध्याबाईंनी पिशवीत दोन साड्या घेतल्या, बाकी काही नाही. उमरग्याहून बस सुटली तेव्हा त्या खिडकीशी बसून हसत होत्या. उत्तरेश्वरानं बायकोला असं विनाकारण हसताना बऱ्याच दिवसांनी बघितलं.

हॉटेल तर फर्मास होतं. काचेचं दार, आत गारवा, फरशी अशी की पाय टाकायला भीती वाटावी. अयोध्याबाई दारात चपला काढायला लागल्या, तेवढ्यात टेबलामागून टाय लावलेला चाळिशीचा एक गृहस्थ पळत आला आणि सगळ्या लोकांदेखत त्यांच्या पाया पडला.

"अक्का, म्या शांतलिंग. जेवळीचा, मठाच्या बोळातला. तुमच्या शेताच्या बांधाला आमचं शेत."

अयोध्याबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. हे न बोलणं उत्तरेश्वराच्या चांगलं ओळखीचं होतं, ते पुढं आठवडाभर चालतं.

पण खरा घोटाळा पुढंच होता. शांतलिंगनं हात जोडून सांगितलं की खोली त्यानं सकाळीच नागपूरच्या पाहुण्यांना देऊन टाकली. म्हणजे? म्हणजे काय दाजी, गावची लेक ह्या शहरात येणार आणि हॉटेलात उतरणार? आईला कळलं तर ती मला घरात घेणार न्हाय. तुम्ही फोनवर नातं सांगितलं, तेव्हाच मी आईला कळवलं. ती पहाटेपासून वाट बघतेय. चला घरी.

उत्तरेश्वर म्हणाला, अहो, पैसे भरतो की. शांतलिंगनं दोन्ही कानांना हात लावले. अयोध्याबाईंनी वर जाणाऱ्या लिफ्टकडं बघत एवढंच विचारलं, वरनं तळं दिसतं का? लई झ्याक दिसतं अक्का, शांतलिंग म्हणाला, आणि त्यानं त्यांची पिशवी उचलून रिक्षात ठेवली.

घर काचीगुड्याच्या एका गल्लीत. खोल्या दोन, माणसं सहा, आणि मधल्या दाराला नुसता पडदा. शांतलिंगची आई इरम्मा दारातच भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं तो दोघांवरून ओवाळून टाकला, अयोध्याबाईंना मिठीत घेतलं आणि रडायलाच लागली. बावीस वर्षांपूर्वी लेकाबरोबर इथं आलेली म्हातारी. जेवळीत आता कोण आहे, कोण गेलं, मठापुढच्या विहिरीला पाणी असतं का, चिंचेचं झाड तोडलं म्हणतात ते खरं का, असं विचारता विचारता तिनं अयोध्याबाईंचा हात सोडलाच नाही. गावच्या माणसाच्या हातची भाकरी खाऊन किती वर्षं झाली, सूनबाई गुणाची आहे पण भात करते, असं ती म्हणाली आणि अयोध्याबाईंनी आपण होऊन पदर खोचला. तोवर गल्लीत बातमी गेली होती. लोहाऱ्याचे, उमरग्याचे, तुळजापूरकडचे, जे जे म्हणून तिथं पोटासाठी आले होते ते सगळे गावचं माणूस बघायला आले. आले ते जेवूनच गेले. दिवस मावळेपर्यंत त्या बाईनं एकतीस भाकरी थापल्या. घरी सास्तूरला तरी सोळाच लागायच्या.

झोपायची व्यवस्था बायका आत आणि पुरुष गच्चीवर अशी झाली. सास्तूरला निदान एका खोलीत तरी झोपत होतो, हे गच्चीवर शांतलिंगच्या सासऱ्याशेजारी पडल्यावर उत्तरेश्वराच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुटकेची पहिली युक्ती काढली. म्हणाला, आम्हाला दोघांना डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचंय. त्याचा बेत असा की एकदा गल्लीबाहेर पडलं की दुसरं एखादं हॉटेल गाठायचं. शांतलिंगनं तिथल्या तिथं रजा टाकली. दाजींना एकटं कसं पाठवू? आणि अक्काचे डोळे तर चांगले आहेत, त्यांना राहू द्या, बायकांनी ओटी भरायची ठरवलीय. उत्तरेश्वराला त्यानं डॉक्टरपुढं नेऊन बसवलं. डॉक्टरनं थेंब घातले आणि पुढचे चार तास त्याला सगळं हैदराबाद धुक्यात दिसलं. वर चष्मा लागला तो लागलाच. इकडं अयोध्याबाईंची पाच घरी ओटी भरून झाली. संध्याकाळी दोघं जिन्यात एकमेकांना भेटले, तेव्हा त्यांच्या हातात पाच नारळ होते आणि त्याला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"अयोध्या, चुकलं माझं," तो म्हणाला.

"इरम्मा चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पण मला उद्या परत घरीच जायाचं हाय ना वं?"

आवाजात राग नव्हता, म्हणून तर उत्तरेश्वराच्या काळजाला ते फार लागलं. रागावली असती तर निभावलं असतं. आयुष्यात एकदा मागितलं बाईनं, आणि आपण तेसुद्धा नातं काढून घालवलं, असं त्याला रात्रभर वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळची बस होती. सकाळी सगळे उपम्याच्या ताटल्या घेऊन बसले होते. शांतलिंग, त्याची बायको, सासरा, पोरं, वर शेजारचे दोघं. उत्तरेश्वरानं ताटली खाली ठेवली.

"मावशी, राग मानू नका," तो म्हणाला. "आमी खोटं बोललो. आमाला डोळे न्हाय दावायचे. आमाला खोली पायजे. आतनं कडी असलेली."

शेजारच्याचा चमचा तोंडाशीच थांबला. पोरं हसायला लागली तशी शांतलिंगच्या बायकोनं त्यांना बाहेर पिटाळलं. अयोध्याबाईंनी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. पन्नाशी ओलांडलेल्या बाप्यानं चारचौघांत हे बोलावं म्हणजे काय! उत्तरेश्वराचे कान तापले, पण तो बोलत राहिला. घरातली कडी, आईची भीती, न्हाणीतली बादली, सगळं सांगून टाकलं.

इरम्मानं हातातली ताटली बाजूला सारली. मग तिनं अयोध्याबाईंचा पदर हातानं वर केला आणि त्यांच्याकडं बघितलं.

"म्या चवदा माणसाच्या घरात नांदले," ती म्हणाली. "ह्याचा बाप आन म्या बोलायचो ते निस्तं रानात, कडबा रचताना. मला बी वाटायचं गं. पर म्या कुणाला म्हणले न्हाय." मग लेकाकडं वळून म्हणाली, "शांत्या, ऊठ. हॉटेलातली ती वरची खोली उघडून दे पोरीला. आन ह्यांचं पैसं घे, न्हायतर पुन्यांदा तू त्यांच्या डोक्यावर बसशील."

बारा वाजता दोघं त्या खोलीत होते. नागपूरचे पाहुणे गेले होते. पांढरीशुभ्र चादर, भिंतभर खिडकी, आणि खिडकीत सगळं तळं. शांतलिंगनं चहा आणून ठेवला आणि मान खाली घालून निघून गेला. अयोध्याबाईंनी नळ सोडून बघितला, बंद केला. चादरीवरून हात फिरवला. खिडकीशी उभ्या राहून पाण्याकडं खूप वेळ बघितलं. मग दाराशी गेल्या आणि कडी एकदा लावून, एकदा काढून बघितली. त्यांचे डोळे भरून आले होते.

उत्तरेश्वर पलंगाच्या कडेला बसला. नवा चष्मा पुसला. घसा खाकरला. एसटीतलं ते रडू त्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

"अयोध्या," तो म्हणाला.

"अवं, एक म्हणू का? रागवू नका."

"म्हण की."

"तुमी बी जरा भायेर बसता का? बसच्या टायमापत्तोर."

उत्तरेश्वरानं बायकोकडं बघितलं. चेष्टा नव्हती. एवढी हळू, एवढी मनापासून विनवणी तिनं त्याला आजवर कधी केली नव्हती. तो उठला, चपला घातल्या, चहाच्या दोन कपांतला आपला उचलला आणि बाहेर आला. मागं दार लागलं, कडी सरकली, आणि आतून कधी नव्हे तो त्याला बायकोच्या गुणगुणण्याचा आवाज आला. दोन मिनिटं तो तिथंच उभा राहिला.

खाली शांतलिंगनं त्याला कप घेऊन येताना बघितलं आणि लगबगीनं खुर्ची पुढं केली. काय चुकलं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"दाजी, खोली पसंत न्हाय पडली व्हय?"

"लई झ्याक हाय," उत्तरेश्वर खुर्चीत टेकत म्हणाला. "पर तिच्यात माणूस एकच मावतंय."