चाळीतली चाळण

वासूकाका परब कुणाच्याही घरी गेले की आधी उदबत्ती मागायचे. चहा नको, पाणी नको, उदबत्ती. यजमानाला वाटायचं, वा, केवढा देवभोळा माणूस! पण काका देवाकडे चक्क पाठ करायचे. पेटलेली उदबत्ती आधी उंबऱ्यापाशी धरायचे, मग खिडकीत, मग स्टूल मागून घेऊन पार छताखाली. धूर कुठे वळतो, कुठे अडतो ते डोळे बारीक करून बघायचे आणि खाली उतरून निकाल द्यायचे, "वाऱ्याक येवक वाट हा, पण जावक नाय." म्हणजे वाऱ्याला आत यायला वाट आहे, बाहेर पडायला नाही. ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की काही जणांनी पुन्हा वास्तुशांत करून घ्यावी का, असंही विचारलं होतं.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत काकांची खोली आमच्या खोलीला लागून. मूळचे मालवणकडचे. मिल बंद पडल्यावर हॉटेलांच्या भटारखान्यांतले धूर ओढणारे पंखे दुरुस्त करत त्यांनी दिवस काढले. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे माझ्यासाठी मुलगी बघायला वडीलधारे म्हणून काकाच आले. शीवला. तिथेही टेकायच्या आधी उदबत्ती. मुलीचे वडील भारावले, त्यांनी देव्हाऱ्याची दारं उघडली. काका देव्हारा ओलांडून स्वयंपाकघरात. आतून मुलीच्या आईचा आवाज आला, "अहो, ते ओट्यावर चढलेत!" थोड्या वेळाने काका हात झटकत बाहेर आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "संजू, हो म्हण. हेंच्या रांधपाच्या खोलयेत झरोको हा. झरोक्याखाली वाढलेला चेडू चिडखोर नसता."

चेडू म्हणजे मुलगी. मी हो म्हटलं. बायको चिडते, भरपूर चिडते, पण काकांसमोर कधी चिडली नाही. म्हणते, म्हाताऱ्याचा सिद्धांत कशाला मोडा.

हे सगळं हसत सांगता येतं. पुढचं सांगायला मला बराच वेळ लागला. मी विमा कंपनीत काम करतो, कमी बोलतो, आणि कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सज्जन समजतात. त्या समजाचा मी पुष्कळ फायदा घेतला आहे.

काकांच्या बायकोला आम्ही इंदूकाकी म्हणायचो. तीही त्याच मिलमध्ये होती, सूत गुंडाळायच्या खात्यात. त्यांना मूल झालं नाही. माझी आई कामाला जायची, त्यामुळे शाळेतून आलो की मी काकीकडेच जेवायचो. माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा आणि काकांच्या ताटात डोकं. काका म्हणायचे, "हिका वाटता डोक्याची गरज माकाच हा."

त्या काकीला दम्याने धरलं. वर्षानुवर्षं छातीत गेलेली कापसाची धूळ, डॉक्टरांनी सांगितलं. जिना बंद झाला, मग गॅलरी बंद झाली. पलंगावर तीन उशांना टेकून बसायची. तिचं एकच मागणं होतं, एकदा माहेरी जाऊन खाडीवर बसायचं.

काका तिला एसी बसने घेऊन निघाले. तासाभरातच तिचा जीव गुदमरायला लागला. काचा उघडेनात. काकांनी खिशातून उदबत्ती काढून सीटवर उभं राहून पेटवली. क्लीनर धावत आला, "ओ आजोबा, पूजा घरी करा ना, पडदे पेटतील!" काका म्हणाले, "पूजा नाय रे, तुझ्या गाडयेचो पोस्टमार्टम करतंय." पनवेलला दोघांना उतरवण्यात आलं. टॅक्सीने परत आले तेव्हा काकी हसत होती, काका नाही.

पुढच्याच महिन्यात काकांनी घोडपदेवच्या एका मंडप डेकोरेटरकडून ट्रेलर आणला. दोन चाकांचा, गाडीमागे जोडून सामान न्यायचा बंद पत्र्याचा डबा. आत अजून जुन्या झालरी होत्या. चाळीमागच्या मोकळ्या जागेत तो उभा केला आणि काकांनी घोषणा केली, "हिका ह्यातना गावाक न्हेतंय." बेत असा : चालत्या गाडीत काकीने पुढे खिडकीशी बसायचं, दम लागला की थांबायचं, डब्यातल्या पलंगावर पडायचं, मुक्कामही त्यातच. "एका दमात नाय जावचा. टप्प्याटप्प्यान."

पण बंद पत्र्याचा डबा म्हणजे भट्टी. काका दाराजवळ खुर्ची टाकून चाळीतल्या माणसांना पकडायचे. "ये रे, धा मिन्टां आत बस." दार लावून बाहेरून ओरडायचे, "काय वाटता?" आतला माणूस म्हणायचा, "मेलो!" काका म्हणायचे, "कसा मेलस, ता नीट सांग. डोक्याकडसून की पायाकडसून?"

मग कामाला लागले. पलंगाच्या उंचीखाली एक भोक, तिथून थंड वारा आत. समोरच्या बाजूला छताजवळ दुसरं, तिथून गरम वारा बाहेर. दोन्हीला बारीक जाळी. लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटरमधले छोटे पंखे आणून बॅटरीवर लावले. छपरावर तर कारखान्यांवर वाऱ्याने फिरतो तो कांद्यासारखा पत्र्याचा पंखा बसवला. कुठल्या तरी मोडलेल्या शेडवरून आणलेला, डब्याच्या मानाने अवाढव्य. लहानशा माणसाने मोठा फेटा बांधावा तसा डबा दिसायला लागला. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून काकीच्या स्टीलच्या वाट्या मधोमध कापून भोकांवर टोप्या बसवल्या. काकी पलंगावरून ओरडायची, "आमटी आता खयसून पिवची? पत्र्याक तोंड लावन?"

आणि मग एका सकाळी गॅलरीत काकांनी मला विचारलं, "संजू, तुझ्या गाडयेक हूक लावलो तर डबो वडीत काय?"

माझी गाडी नवी होती. मोठी, काळी, बायकोच्या आणि मुलीच्या हौसेची. मी म्हटलं, "बघूया काका."

आता 'बघूया' म्हणजे काय, हे मुंबईत नोकरी केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. आमच्या ऑफिसात नाही हा शब्द कुणी उच्चारत नाही, सगळे बघूया म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं की विषय संपला. काका आयुष्यभर यंत्रांशी बोलत आले. यंत्र एकतर चालतं, नाहीतर चालत नाही. ते तसेच खोलीत गेले आणि मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, "इंदू, संजू न्हेता म्हणता!"

त्याच क्षणी पलीकडे जाऊन खुलासा करायला हवा होता. मी दाढी करत राहिलो.

खरं कारण सांगतो. बंपरखाली हूक बसवायला माझा जीव होईना, हे एक. आणि दुसरं, मला लाज वाटली. तो कांदेवाला, वाट्या लावलेला डबा माझ्या गाडीमागे लटकलाय, सिग्नलला शेजारच्या गाड्यांतली माणसं मोबाइलवर फोटो काढताहेत, हे चित्र मला सहन होईना. जिच्या हातचं खाऊन मी वाढलो तिला श्वास हवा होता आणि मी सिग्नलवरच्या अनोळखी माणसांचा विचार करत होतो.

रविवार आला. "काका, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय, पुढच्या रविवारी." काका म्हणाले, "बरा झाला. माझापण एक भोक रवला हा." पुढच्या रविवारी हूक लावणारा गावाला गेला होता. मग ऑफिसात ऑडिट होतं. मग घाटात रस्त्याचं काम चालू होतं, मग ते थांबलं तर माझी पाठ धरली होती. प्रत्येक वेळी काका तेच म्हणायचे, माझंही एक भोक राहिलंय, आणि जेवणं झाल्यावर पत्रा कापायचा कर्कश आवाज सुरू व्हायचा. एक पलंगाच्या पायथ्याशी, एक दारात, एक उशीजवळ तिरकं. डब्याला जागा उरेना. चाळीतली पोरं त्याला 'चाळीतली चाळण' म्हणायला लागली. तळमजल्यावरचे गावडे म्हणायचे, "वासू, आता भोकांना पत्रा लाव." काका हसायचे. मीही हसायचो. सगळ्यांबरोबर हसलं की बरं पडतं.

थंडीत काकीचा दम वाढला आणि तिला परळला इस्पितळात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा काका औषधं आणायला खाली गेले होते. काकीने नाकावरचा मास्क वर सरकवला. एकेक शब्द उचलून ठेवावा तशी बोलली.

"संजू, तू दर रविवारी गाडी काढूक तयार... आणि ह्यांचा आपला एक भोक रवलाच. तुझ्या भरवशार मी कधीच गेलंय असतंय रे. ह्या म्हाताऱ्यान घालवल्यान सगळा."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. काकांनी तिला माझी एकही सबब सांगितली नव्हती. दर रविवारी तिला सांगितलं होतं, संजू गाडी घेऊन उभा आहे, माझंच काम राहिलंय.

तेव्हा खरं बोलायची माझ्यापाशी पाच मिनिटं होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तिचा मास्क नीट बसवला आणि म्हणालो, "हो काकी. काका ऐकतच नाहीत." तिने माझ्या गालावर हात ठेवला.

तीन दिवसांनी ती गेली.

तेरावं झाल्यावर एका दुपारी मी चाळीमागे गेलो. काका डब्यात पलंगाच्या कडेवर बसले होते. खरं सांगायचं तर आत छान गार होतं, बाहेरच्यापेक्षा गार. मी समोर उभा राहिलो आणि एका दमात बोलून टाकलं. "काका, गाडी एकदाही बिघडली नव्हती. पाठ धरली नव्हती. मला न्यायचंच नव्हतं. मला लाज वाटत होती."

"ठावक होता माका," काका म्हणाले. "दर रविवारी तुझी गाडी खालसून जाय ना. बायको पुढे, चेडू मागे. ती काय गॅरेजात?"

"मग बोलला का नाहीत? काकीला का नाही सांगितलंत?"

काकांनी जाळीवरून बोट फिरवलं.

"मिलमध्ये मी कशार होतंय, तुका कधी सांगलंय?"

नव्हतं सांगितलं. इतक्या वर्षांत कुणालाच नाही. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून खात्यांत दमट हवा सोडणारं यंत्र असायचं. काका त्या यंत्रावर होते. वारा लागला की ओल उडते, म्हणून पाळी सुरू झाली की सगळ्या खिडक्या लावून घ्यायच्या, कुणी उघडली तर पुन्हा लावायची, हेही त्यांचंच काम.

"बायका सांगायच्यो, परब, इल्लीशी उघड, जीव जाता. मी नाय म्हणा. सायबाचो हुकूम. आणि आत कोण? ही. माझीच बायल. सूत नाय तुटला संजू. एक दोरो तुटूक दिलंय नाय मी."

मी खाली पायरीवर बसलो.

"ती माका कधी एक शब्द बोलली नाय. खोकलो लागलो, दम लागलो, तरी नाय. वर माकाच म्हणा, तुमचो काय दोष, कामच तसा होता. अरे, माणूस रागावलाच नाय तर माफी खयच्या तोंडान मागाची?" काकांचा आवाज आता नेहमीसारखा झाला होता, कुणाच्या घराचा निकाल सांगावा तसा सरळ. "ह्या भोकांपायी मात्र रागावली. बरी रागावली. शेवटचे दोन दिस माझ्याशी बोलूक नाय. मगे मी तिचे पाय धरलंय, म्हटलंय, माफ कर गे, उशीर केलंय. तिना मान हलवल्यान. त्या एका माफयेत मी सगळी माफी मागान घेतलंय. तिका कळाक नाय. पण माका गावली."

पत्र्यावर पिंपळाची सावली हलत होती. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. 

"काका," मी म्हणालो, "माझ्यावर तरी रागवा. दोन शिव्या घाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी त्यांच्या ताटातलं डोकं मागायचो तेव्हा बघायचे तसंच, थोडंसं नवल वाटून.

"तुझ्यार रागावलंय," ते म्हणाले, "तर माका रवलो कोण?"