एका फोटोची रीतसर तजवीज

संघर्ष सहादू पगारे यांच्या घरात मेमरी कार्डाची आवश्यकता निर्माण झाली ती त्यांच्या आईमुळे. आवश्यकता निर्माण होणे ही कोणत्याही खरेदीची पहिली पायरी असते. सुमनबाईंनी ती मेथी निवडता निवडता, कसलाही पत्रव्यवहार न करता ओलांडली.

"बोधगयेला त्या झाडाखाली बसल्याला माझा एक फोटू पाहिजे," त्या म्हणाल्या. "चांगला मोठा. यांच्या शेजारी लावायला."

'हे' म्हणजे भिंतीवरचे सहादू. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यापाशी त्यांची उभी हयात गेली. वस्तीतल्या विहाराच्या बोधगया सहलीत त्यांनी दोनदा नाव दिले होते. एकदा संघर्षची बारावी आडवी आली, एकदा मुलीचे लग्न. तिसऱ्यांदा सहल निघाली तेव्हा ते स्वतःच तसबिरीत गेलेले होते. त्या तसबिरीच्या शेजारी सुमनबाईंनी एक खिळा आधीच मारून घेतला होता.

"फोनवर काढू की, आजी," नात राखी म्हणाली.

पण महाबोधी विहाराच्या आत फोन नेऊ देत नाहीत, बाहेर जमा करावा लागतो. कॅमेरा मात्र पावती फाडून नेता येतो, ही पक्की खबर सुमनबाईंनी वस्तीतल्या जाऊन आलेल्या बायकांकडून काढलेली होती. राखीच्या लहानपणी घेतलेला कॅमेरा कपाटात होता आणि आश्चर्य म्हणजे चालूही होता. त्यातले कार्ड तेवढे घर बदलताना हरवले होते.

"मग मी कॉलेजवरून येताना एम. जी. रोडवरून कार्ड आणते," राखी म्हणाली.

संघर्षरावांनी मुलीकडे कीव आल्यासारखे पाहिले. ते एका निमशासकीय कार्यालयात भांडारपाल होते. तिथल्या जाळीच्या खिडकीआड त्यांनी केस पांढरे केले होते आणि त्या खिडकीचा एकच कायदा होता: जुना नग जमा केल्याशिवाय नवा नग मिळणार नाही. एकदा वाळू नावाचा वायरमन ट्यूबलाइट मागायला आला. जुनी कुठे आहे, असे विचारल्यावर म्हणाला, फुटली. संघर्षरावांनी त्याला काचा गोळा करून आणायला परत पाठवले. त्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत अंधार होता, पण भांडारात एक नगही कमी नव्हता.

"खरेदी अशी होत नसते, बाळा," ते म्हणाले. "आधी दरपत्रके मागवावी लागतात. तीन."

म्हणून ते स्वतः एम. जी. रोडवरच्या बंटीच्या दुकानात गेले. बंटीने कॅमेरा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि आजोबांना नमस्कार करावा तसा काउंटरवर अलगद ठेवला.

"काका, याला मोठं कार्ड चालणार नाही. जुनं मॉडेल आहे. छोटं कार्डच लागेल, तेही माझ्याकडे शोधावं लागेल. देऊ का?"

"दरपत्रक द्या."

"कार्ड घ्या ना काका. दरपत्रकात फोटो निघत नाहीत."

"तीन दरपत्रकांशिवाय मला घेता येत नाही."

बंटी समंजस होता. सरकारी गिऱ्हाईक त्याने पाहिलेले होते. त्याने ड्रॉवर उघडून तीन शिक्के काढले: एक स्वतःच्या दुकानाचा, एक भावाच्या आणि एक बायकोच्या नावावरच्या दुकानाचा, जे अजून उघडायचे होते. चहा येईपर्यंत खुली स्पर्धा पार पडली. तिच्यात बंटीचा दर सर्वांत कमी आला. संघर्षरावांना समाधान वाटले, कारण प्रक्रियेत कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

मग घरी समिती बसली. अध्यक्ष संघर्षराव, सदस्य त्यांची पत्नी संजना आणि तांत्रिक सदस्य म्हणून संजनाचा भाऊ महेश. महेश सातपूरला एका वर्कशॉपमध्ये होता आणि फोनवर व्हिडिओ पाहून सर्व विषयांत तयार झालेला होता.

"किती फोटो काढायचे, तेवढं कार्ड लागेल," संजना म्हणाली. "आई, किती फोटो?"

"एक," आतून आवाज आला.

"एक ही गरज झाली," संघर्षराव म्हणाले. "साठा गरजेवर करत नसतात. एक वापरात आणि तीन राखीव. चार कार्डे घेऊ."

"दाजी, पण एक सांगतो," महेश पुढे सरकला. "बाजारात डुप्लिकेट कार्डं लय आहेत. वर लिहितात एक, आत जागा निघते निम्मी. निम्म्यानंतरचे फोटो गायब. ओळखायचं एकच. कार्ड पूर्ण भरून बघायचं."

हा मुद्दा संघर्षरावांच्या काळजाला जाऊन भिडला. तपासणीशिवाय माल आत घेणारा भांडारपाल हा त्यांच्या लेखी भांडारपाल नव्हताच. रविवारी वापरातल्या कार्डाची पूर्ण क्षमता चाचणी सुरू झाली. त्यांनी गॅसच्या शेगडीचे फोटो काढले. पडद्याचे काढले, पाण्याच्या टाकीचे काढले, कुकरचे शिट्टीआधी आणि शिट्टीनंतर काढले. हलत्या वस्तूची चाचणी हवी, असे महेशने फोनवरून सुचवल्यावर पंखा चालू करून त्याचे सर्व वेगांवर फोटो काढले. पंख्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत सुमनबाई बसल्या होत्या. "माझाबी निघतोय का रे यात?" त्यांनी विचारले. "तू चाचणीत नाहीस, आई," संघर्षराव म्हणाले. अखेर दुपारी कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरे उमटली, कार्ड भरले आहे. पहिला फोटो उघडून पाहिला, शेवटचा उघडून पाहिला, दोन्ही शाबूत होते. संघर्षरावांनी शेरा दिला: माल अस्सल, पूर्ण भरतो. मग कॅमेरा पिशवीत घालून पिशवीचे तोंड सुतळीने बांधले. मुख्य कामाआधी तो वापरायचा नव्हता. रेल्वेतले, धर्मशाळेतले, उसाच्या रसाचे फोटो ज्याने त्याने आपापल्या फोनवर काढावेत, असे ठरले आणि तसेच झाले.

गयेला उतरून पुढे बोधगयेला पोचेपर्यंत सुमनबाईंचे पाय सुजले होते. पण विहाराच्या दारात त्यांनी कुणाचा हात धरला नाही. फोन बाहेर जमा केले, कॅमेऱ्याची पावती फाडली. आत गेल्यावर त्या थेट झाडाकडे गेल्या. बोधिवृक्षाभोवतीच्या कठड्याबाहेर, सावली पडते तिथे, त्यांनी जागा शोधली. पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून नीट घेतला, हात मांडीवर ठेवले आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसल्या. संजनाला त्यांचे दात कित्येक वर्षांत दिसले नव्हते.

राखीने सुतळी सोडली, कॅमेरा चालू केला, बटण दाबले.

"पप्पा, कार्ड भरलंय म्हणतो."

"म्हणजे बरोबर दाखवतो," संघर्षराव म्हणाले.

"एक फोटो पुसते. पंख्याचा."

"हात लावू नको. ते चाचणीचे पुरावे आहेत. पुसायचे म्हणजे निर्लेखन झाले, नोंदीतून नग कायमचा कमी करणे. निर्लेखनाला तिन्ही सदस्यांची संमती लागते."

"माझी आहे," संजना म्हणाली. "तुमचीही देऊन टाका."

"महेशची नाही."

"फोन करा त्याला."

फोन बाहेर जमा होते.

"मग नवं कार्ड काढा ना, अहो. खिशात तीन आहेत."

ती तीन होती, हे खरेच. आतल्या खिशात, सीलबंद. संघर्षरावांचा हात तिथपर्यंत गेलासुद्धा. बोटांना वेष्टनाची कड लागली. समोर आई हसत बसली होती, मागून सिंहली यात्रेकरूंचा जथा सरकत येत होता आणि पहारेकरी पुढे चला अशी खूण करत होता. पण जुने कार्ड नादुरुस्त नव्हते. ते उत्तम चालत होते, हे त्यांनी स्वतः रविवारभर सिद्ध केले होते. चालू नग हातात असताना राखीव नग फोडायचा, तर मग वाळूला काचा वेचायला का पाठवले होते? इतक्या वर्षांत खिडकीवरून परत गेलेली एकेक माणसे त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. आज आईसाठी एक वेष्टन फोडले, तर त्या सगळ्यांना त्या त्या दिवशी वस्तू देता आली असती, हे कबूल करावे लागणार होते. संघर्षरावांना भीती वाटली. बोटे खिशातून रिकामी बाहेर आली.

"झाला का रे?" सुमनबाईंनी ओठ फारसे न हलवता विचारले.

"झाला, आई," संघर्षराव म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी माल न येता पोच दिली.

संजनाने नवऱ्याकडे असे पाहिले की त्याने नजर झाडाकडे वळवली. मग ती सासूला उठवायला पुढे झाली. म्हातारीचा चेहरा उजळला होता, तो कुणी विझवायचा?

परतल्यावर दिलेल्या पोचेइतका माल कुठून तरी उभा करणे भाग होते. समितीची तातडीची बैठक झाली. महेश कार्डातले फोटो चाळत होता, शेगडी, टाकी, कुकर, आणि एका फोटोवर थांबला. त्यात सुमनबाई होत्या.

"दाजी, काम झालं," तो म्हणाला. "आजकाल जावंच लागत नाही. माणूस आपला, झाड नेटवरचं."

बसल्या बैठकीला त्याने फोनवर ते करून दाखवले. कुकर आणि पडदा गेले, बोधिवृक्ष आला. प्लॅस्टिकच्या खुर्चीची दगडी बैठक झाली. सुमनबाईंच्या लुगड्यावर पानांची सावली पडली, जी मूळ झाडाखाली पडली होती तिच्याहून जास्त हिरवी होती. संघर्षरावांनी फोटो वस्तीच्या ग्रुपवर टाकला, कार्यालयाच्या टाकला, नातेवाइकांच्या टाकला. क्षणात जोडलेले हात येऊ लागले. कुणी 'साधु साधु साधु' लिहिले, कुणी 'मंगल हो'. 'आजींच्या चेहऱ्यावरची शांती बघा,' असे साहेबांनी लिहिले, तेव्हा संघर्षरावांना खरोखरच ती शांती दिसू लागली. चौकशी पूर्ण झाली, आक्षेप शून्य. बंटीने तो मोठा करून काचेच्या चौकटीत बसवून दिला.

सुमनबाईंनी चौकट हातात घेतली. चष्मा शोधला, पुसला, लावला. बराच वेळ पाहिले.

"संघर्ष, झाडाला पंखा हाय," त्या म्हणाल्या.

सगळे वाकले. फांद्यांच्या मधोमध, पानांत अर्धा दडलेला, तीन पात्यांचा पंखा लटकत होता.

"आणि तू 'झाला' म्हणशील तवर मी हसू धरून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "हितं मी हसत नाय."

"आई, ते मशीनचं..." संघर्षराव म्हणाले आणि रुमालाने काच पुसू लागले. जाळीच्या खिडकीत असते तर नियमाचा क्रमांक तरी सांगता आला असता.

"रागावले नाय मी. मी तिथं बसले होते, मला ठाव हाय." त्यांनी चौकट उलटी करून भिंतीला टेकवली. "पर यांच्या शेजारी हा लावू नको. ते इचारतील, सुमन, तू गेलीच नाय का?"

खिळा अजून रिकामा आहे. तीन कार्डे कपाटात सीलबंद आहेत, आणि साठा तपासला तर एक नगही कमी भरणार नाही.

फोटो मात्र फिरतोच आहे. परवा तो तुमच्याही ग्रुपवर आला होता. तुम्ही खाली दोन हात जोडून पाठवलेत, तेही उघडून न बघता. तुम्हाला पंखा दिसला असता, तर तुम्ही निदान विचारले असते.