लॅमिनेट केलेला प्रवासखर्च

"यंदा प्रवासखर्चातला छदामही कापू देणार नाही! बघशीलच तू!"

खुर्चीवाल्याने बायकोला हे बजावलं तेव्हा त्याची छाती सायकलच्या ट्यूबसारखी फुगली होती. खुर्चीवाला म्हणजे फर्निचरचा दुकानदार नव्हे हं! दाताच्या डॉक्टरांकडे ती वरखाली होणारी, मागे कलणारी खुर्ची असते ना, ती दुरुस्त करणारा माणूस. कंपनीची नोकरी सोडून त्याला तीन वर्षं झाली होती. आता स्वतःच्या गाडीने गावोगाव हिंडायचं, अडलेल्या खुर्च्या हलत्या करायच्या आणि वर्षअखेरीला पेट्रोल, टोल, लॉजच्या पावत्या करसल्लागार बाईंपुढे ठेवायच्या. जेवढा खर्च दाखवू तेवढा कर कमी, एवढं गणित त्याला पक्कं कळत होतं.

पण गेल्या वर्षी बाईंनी निम्म्या पावत्या परत केल्या. म्हणाल्या, "हे कोरे कागद आहेत."

"कोरे? अहो मॅडम, पेट्रोलच्या पावत्या आहेत! अक्षरं उडाली, त्याला मी काय करू?"

"मीही काय करू?"

हे त्याला भयंकर लागलं. पेट्रोल खरं, रस्ता खरा, पाठदुखी खरी. आणि पावती तेवढी भुतासारखी अदृश्य! म्हणून यंदा त्याने वर्षभराच्या पावत्या तारीखवार लावल्या, पांढऱ्या कागदांवर बारा-बारा चिकटवल्या आणि एकतीस कागदांचा गठ्ठा घेऊन मेहुण्याच्या स्टेशनरीच्या दुकानात गेला. लॅमिनेशन! प्लास्टिकमध्ये बंद! आता उडा म्हणावं अक्षरांना!

"दाजी, आधी एकच कागद घालून बघू या का?" मेहुण्याने भीत भीत विचारलं.

"तू मला यंत्र शिकवणार? अरे, चार पायांपासून चाळीस बटणांपर्यंतच्या खुर्च्या उघडल्यात मी!"

मेहुणा बिचारा गिऱ्हाईक बघायला गेला. खुर्चीवाला पुढून कागद सरकवत होता, मागच्या बाजूने ते टेबलाखालच्या खोक्यात पडत होते. सरकवता सरकवता त्याने दुकानातल्या सगळ्यांना नियोजनाचं महत्त्व समजावून सांगितलं. शेवटचा कागद गेला तेव्हा मेहुणा वाकून खोक्यात बघत होता.

"दाजी... पावत्या काळ्या कागदावर छापतात का हो?"

एकतीस कागद आणि त्यांवर बारा-बारा काळेकुट्ट चौकोन! चकचकीत, गुळगुळीत, पाण्यात बुडवले तरी खराब न होणारे!

"यंत्र बिघडलंय तुझं!" खुर्चीवाला कडाडला.

"यंत्र नाही हो. हा कागद उष्णतेनेच काळा होतो. छापतातही तसंच, थोडं थोडं तापवून."

"मग आधी सांगायला तोंड नव्हतं?"

"आत्ताच मोबाइलवर वाचलं. मी कधी पावत्या भाजल्या होत्या?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी एक काळा कागद उजेडापुढे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. खुर्चीवाला शेजारी बसून कागद बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. सोबत बायकोही होती. बाईंच्या टेबलावर नवरा मूठ आपटतो, हे तिला ठाऊक होतं.

"रकमा बँकेच्या उताऱ्यात मिळतील," बाई म्हणाल्या. "पण कोणत्या दिवशी, कुठे, कोणत्या कामाला गेलात? त्या त्या दिवशी लिहिलेली नोंद आहे?"

"सगळं डोक्यात आहे माझ्या!"

"डोकं अर्जाला जोडता येत नाही."

मूठ आपटणार एवढ्यात बायको म्हणाली, "माझ्या कॅलेंडरवर आहे की. हे जेवायला नसले की मी लिहून ठेवते."

तिने मोबाइलमधले फोटो दाखवले. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षर. 'हे धरणाजवळच्या डॉक्टरांकडे, खुर्ची वर जात नाही. आपला नळ गळतोय.' 'हे पुन्हा तिथेच, आता खाली येत नाही. नळ गळतोय.' 'हे आले. नळाकडे नुसतं बघितलं.'

"वा! वा!" बाईंचा चेहरा उजळला. "तारीख, गाव, काम, सगळं आहे! अशी नोंद माझ्या एकाही अशिलाकडे नाही."

"बघा!" खुर्चीवाल्याने लगेच श्रेय खिशात घातलं. "घरात शिस्त लावलीय मी!"

बायकोने त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

एका बाजूला कॅलेंडर, एका बाजूला बँकेचा उतारा, मध्ये बाईंची पेन्सिल. सेहेचाळीस फेऱ्या लोण्यातून सुरी जावी तशा जुळल्या. सत्तेचाळिसाव्या फेरीला पेन्सिल थांबली.

"इथे लिहिलंय, 'बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. यांना तातडीची दुरुस्ती.' पण या तारखेचं तुमचं बिल कुणाच्याच नावावर नाही."

"फुकट केलं ते काम. माणुसकी म्हणून!"

"बरं. लॉज दोन रात्री, तलावाकाठी..." बाई मन लावून वाचत होत्या. "आणि होडीचं भाडं, दोन तास. ही होडी खुर्चीच्या कामासाठी?"

खुर्चीवाल्याने टेबलावरचा एक काळा कागद उगाचच उलटसुलट करून बघितला.

"दवाखाना... पलीकडच्या काठावर आहे," खुर्चीवाला म्हणाला.

"मग परतीचीही होडी लिहू?" बाईंनी अगदी निरागसपणे विचारलं.

"लिहा की," बायको गोड आवाजात म्हणाली. "डॉक्टरांचं नावही विचारून घ्या. सूट घालून बाबा दारात वाट बघत होते, ते कुणामुळे, मलाही कळू दे."

आता चिडायचं कुणावर? कागदवाल्यांवर? बाईंवर? त्या सासऱ्यांवर, जे प्रत्येक वाढदिवसाला आपलं अख्खं आत्मचरित्र वाचून दाखवतात? खुर्चीवाल्याने तिघांवरही चिडून बघितलं. आवाज चढला, शेवटी घसाही बसला. बाईंनी शांतपणे त्या ओळीपुढे लिहिलं, 'खासगी खर्च.'

सेहेचाळीस फेऱ्यांचा खर्च छदामही न कापता मंजूर झाला. करखात्याने एक अक्षर विचारलं नाही.

सासऱ्यांनी मात्र रविवारी सकाळी अकराला बोलावलंय. सत्तेचाळिसाव्या फेरीबद्दल. येताना होडीची पावती आण म्हणाले.