गाठ कुठल्या गावची?

आमच्या भोईर डॉक्टरांपुढे चहा ठेवला की कपाला हात लावायच्या आधी ते विचारतात, "दूध कुठलं?" खर्डीचं म्हटलं, तर "खर्डीत कोणाकडचं?" तोवर चहावर साय धरते. शहापूरच्या या लॅबमध्ये मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. गरम चहा पिताना मी त्यांना एकदाही पाहिलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात वैशाखऱ्याच्या बनुबाईंच्या लघवीच्या पिशवीतला तुकडा तपासायला आला. कॅन्सर होता, ते पहिल्याच दिवशी दिसलं. पण पेशी दिसत होत्या आतड्यातल्यासारख्या. अशा वेळी रोग आतड्यातून पसरत आला असंच बहुतेक निघतं, आणि मग ऑपरेशनचा उपयोग नसतो. मी रिपोर्ट टाइप करून सहीला ठेवला.

"ही गाठ पाहुणी हाय का तिथलीच, विचारलंस तिला?" डॉक्टर म्हणाले.

डोकं कुठं आपटावं सांगा! सर्जनच्या मागे लागून यांनी बाईंच्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करवली, स्कॅन करवले, तोच तुकडा वेगवेगळे रंग देऊन पुन्हा पुन्हा पाहिला. अठरा दिवस गेले. मुलाचे फोन मलाच! शेवटी रिपोर्ट येत नाही म्हणजे आई हातची गेली, असं धरून त्याने नातेवाइकांना शेवटचं भेटायला बोलावलं.

एकोणिसाव्या दिवशी डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "बाकी कुठंच काय नाय! पिशवीतच जन्मलेला हाय. क्वचित असतो, पण असतो. ऑपरेशन होईल रे!"

फोन करतो म्हटलं, तर नको. मला गाडीत घालून थेट वैशाखरे. दारात चपलांचा ढीग, ओट्यावर केळ्यांचे घड, आत रडारड.

"मावशी, उठा! ऑपरेशन करायचंय. आन् तुमी सगळी घरी जा, लावणी खोळंबली नाय का तुमची?"

बनुबाई उठून बसल्या. "मंग येवढी केळी कोन खानार?"

परतताना मी तोंड सोडलंच. "सर, अठरा दिवस ती माणसं जिवंतपणी मेली!"

मुरबाडच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"माझ्या आईच्या रिपोर्टवर मी एका दिवसात सही केली रे. पसरलेलाच असणार म्हटलं. शोधलंच नाय मी."

त्यांनी गाडी सुरू केली, ती दोनदा बंद पडली. मी खाली उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा सर," मी म्हटलं, "गाडी मी चालवतो."