मिसेस नूर्बींचं दार

ब्रिटा स्कोग्लुंडने खऱ्याखुऱ्या गिऱ्हाइकाची घंटा वाजवली, ती आयुष्यात पहिल्यांदाच. वास्तुकलेच्या मास्टर्सचं शेवटचं वर्ष होतं, आणि या एका भेटीवर ‘व्यवसाय’ विषयाचे निम्मे गुण होते. ते गेले की डिग्री लटकणार. काम साधं होतं: मिस्टर लाकोस्कींना घरामागे दोन खोल्या वाढवायच्या होत्या, त्यांचं म्हणणं ऐकून यायचं. पिशवीत तेवीस प्रश्न तयार होते.

दार आतून तीन धक्के खाऊन उघडलं आणि एक म्हातारी जवळजवळ तिच्या अंगावरच आली.

“आलीस एकदाची! मी मिसेस नूर्बी. बूट काढ, कॉफी घे, आणि आधी हे दार बघ.”

लाकोस्कींची बहीण असेल, असं ब्रिटाने ठरवून टाकलं. शिवाय बाई थेट प्रवेशद्वारापासून सुरुवात करतेय! तिने वही उघडली.

“घरात शिरताना तुम्हाला काय जाणवतं?”

“थंडी.”

“आणि हे दार तुम्हाला काय सांगतं?”

“करकरतं. पोरी, तुला काम येतं ना?”

“येतं, पण आधी तुमचं जगणं समजून घ्यायचंय.”

“जगणं राहू दे, बिजागरी बघ.”

“आणि मागच्या खोल्या?”

“मागे कसल्या खोल्या? मागे बर्फ आहे!”

ब्रिटा गोंधळली. गिऱ्हाइकाला स्वतःला काय हवंय ते कळत नसतं, असं वर्गात सांगितलं होतं, पण इतकं?

तेवढ्यात दारावर थाप पडली. ते काही उघडेना, तेव्हा बाहेरून आवाज आला, “बाई, सुतार आलाय!”

“सुतार केव्हाच आलीय! कॉफी पितेय!” म्हातारी ओरडली.

कोण सुतार, म्हणून ब्रिटाने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

“मग मी कुठे जायचं होतं?” बाहेरच्याने विचारलं.

“मला काय विचारतोस? ही बेचाळिसावी ॲव्हेन्यू. तुला याच नंबरचं, पण बेचाळिसाव्या स्ट्रीटवरचं घर सांगितलं असेल!”

ब्रिटाच्या हातातला कप थांबला. तिने वहीत घराच्या नंबरापुढे नुसतं ‘बेचाळिसावी’ लिहिलं होतं; ॲव्हेन्यू की स्ट्रीट, ते नव्हतंच. बाहेर सुताराचा ट्रक निघून गेला. आणि नूर्बीबाईंनी नवऱ्याचा जुना रंधा आणून तिच्या मांडीवर ठेवला.

त्या चेहऱ्याला ‘मी सुतार नाही’ म्हणणं तिला जमलं नाही. बाईंच्या सूचनांबरहुकूम दार निखळवलं, बर्फ दिवाणखान्यापर्यंत आला, दोघी एकाच रजईत कुडकुडल्या. तीन तासांनी दार बसलं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात कबुली द्यायला गेली, तर प्रोफेसर व्हिटकोम हातात कागद नाचवत होते.

“ब्रिटा! लाकोस्की तुझ्यावर जाम खूश आहेत. ‘एकही भाषण नाही. भिंती ठोकून पाहिल्या, म्हणाला, खोल्या कशाला, मधली भिंत पाडा.’ आता ‘म्हणाला’ लिहिलंय, पण त्यांचं वय झालंय.”

“सर, तो मी नव्हे. तो सुतार होता.” तिने सगळं सांगून टाकलं.

प्रोफेसरांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, “सोमवारी लाकोस्कींकडे जा. त्या सुतारालाही बोलाव, चार गोष्टी शिकशील. गुणांचं मग बघू.”

ती उठली.

“थांब. त्या बाईंचं दार आता लागतं?”

“एका बोटाने, सर.”

प्रोफेसरांनी दालनाचा दरवाजा हलकेच लोटून घेतला आणि आवाज खाली आणला.

“शनिवारी माझ्या घरी येशील? नकाशा मीच काढलाय. बावीस वर्षं झाली, न्हाणीघराचं दार लागत नाही.”