टोपीभर नमुना

"दुपारच्या आत आणतो! हे काम माझ्यावर सोडा!" मी छाती ठोकून सांगितलं. आणायचं काय, तर अल्पाकाच्या लेंड्या!

पांकारा ही माझ्या बायकोची, निकानोराची अल्पाका; लोकरीसाठी पाळतात ते उंटाच्या कुळातलं जनावर. निकानोराच्या जावळाला तिच्या बापानं जे पिल्लू दिलं, त्याच्या वंशातली ही शेवटची. आता म्हातारी झालेली, आणि यंदा तर अशी वाळली की लोकर काढली तर आत अल्पाका नाही, नुसता तिचा पत्ताच सापडावा!

सासरे क्लेतो सुरीला धार लावून तयार. "शनिवारी कापू. आत्ता निदान वाळवायला मांस मिळेल. पुढं सुपापुरतीसुद्धा उरायची नाही."

निकानोरा चातीवर लोकर कातत बसली. पण धागा तीनदा तुटला. बारा वर्षांच्या संसारात हिचा धागा तुटलेला मी पाहिला नव्हता हो!

गुरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "जंत असतील तर औषध आहे. म्हातारपणाला नाही. ताज्या लेंड्या आणा. फक्त तिच्याच हं!"

फक्त तिच्याच! इथंच घोडं अडलं. आमचे अल्पाका भलते शिस्तीचे. सगळा कळप एकाच उकिरड्यावर जातो, तोही रांगेनं. मग काय, मीही टोपी हातात धरून पांकाराच्या मागे रांगेत उभा राहिलो. मागच्यानं दोनदा मानेवर थुंकून माझी घुसखोरी नोंदवली.

शेजारीण ब्रिहिदा कुंपणाशी थबकली. "काय हो इलारिओ, तुमचा नंबर कितवा?"

"पाचवा!"

"घाई असेल तर आमच्याकडे या. आमच्याकडे गर्दी नसते!"

अखेर पांकाराची वेळ आली. मी लग्नातली टोपी पुढं केली. झालं काम! पण उचलणार तोच सासऱ्यांचा लाडका नर, जनरल, तिथंच उभा राहिला. त्याच्यामागे आणखी दोघी. त्यांना वाटलं, नवा उकिरडा उघडलाय!

मी तश्शीच टोपी घेऊन दोन तास चालत लांपा गावी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला.

"या एकीच्याच?" बाईंनी विचारलं.

"एकीच्याच."

"मग ती चार तोंडांनी जेवते का?" बाईंनी भिंगातून पाहिलं. "अरे देवा, जंतांची अंडीच अंडी! अख्ख्या कळपाला औषध पाजा."

"पण पांकारा?"

"तिच्यात जंत किती आणि म्हातारपण किती, हे तुमची टोपी नाही सांगू शकत. मात्र औषधानंतर पस्तीस दिवस मांस खायचं नाही!"

मी घरी धावतच आलो. सासऱ्यांनी जनरलला स्वतः औषध पाजलं आणि सुरी आढ्याला खोचली. "पस्तीस दिवसांनी बघू!"

चौतिसाव्या दिवशी पांकारा उन्हात निवांत चरत होती. निकानोरानं माझी टोपी पुढं केली.

"अहो, मला वाटतं तिला परत जंत झालेत."

"अगं, कालच तर वास गेलाय टोपीचा!"

कोपऱ्यातून सासरे उठले. डोक्यावरची रविवारची टोपी काढून माझ्या हातात ठेवली.

"ही घे. मोठी आहे. आणि माझ्या जनरलच्या पुढं घुसू नकोस!"

तर मंडळी, सध्या आमची सहावी खेप. नंबर तिसरा आहे. जरा सरका, मागचा थुंकायच्या बेतात आहे!