येळण्यांच्या खिशातली काडी

सभ्य गृहस्थाच्या सदऱ्याच्या खिशात लेखणी असते. आमचे शेजारी प्रभाकरराव येळणे यांच्या खिशात खराट्याची काडी असते. ती धुतलेली, उन्हात वाळवलेली आणि टोकाशी किंचित तासलेली असते. कोणाच्याही घरी गेले की येळणे यजमानांच्या आधी कुंडीकडे पाहतात. नमस्कारासाठी जोडलेले हात सुटताच काडी बाहेर निघते, कुंडीतल्या मातीत तळापर्यंत शिरते, क्षणभर तेथे विसावते आणि वर येते. मग येळणे ती नाकाशी नेतात. काडी कोरडी निघाली तर "खुश आहे" एवढेच म्हणून ते खुर्चीवर बसतात. ओली माती चिकटून आली, तर मात्र यजमानांचा चहा निवून जातो, पण पाण्याचा विषय संपत नाही.

येळण्यांचा जीव आहे तो गुबगुबीत पानांच्या झाडांवर. रोपवाटिकेत त्यांना सक्युलंट म्हणतात. आमच्या सिंदी मेघ्यातल्या वसाहतीत 'जाड पानाची झाडं' म्हटले की सर्वांना कळते. पानांतच पाणी साठवणारी ही झाडे तहानेने क्वचितच मरतात. बहुधा मरतात ती माणसांच्या मायेने. मुळे सदा ओली राहिली की कुजू लागतात, आणि वर त्याचा पत्ताही लागत नाही. येळणे म्हणतात, "मूळ सडून गेलं, अन् पान हासून राह्यलं!"

हे गृहस्थ पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले आहेत. गावोगावी नळ पोचवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी उतारवयात दारोदार फिरून पाणी बंद करावे, ही भगवंताची लीला मला मोठी कौतुकाची वाटते. कोणी तसे बोलून दाखवले की ते हसतात. "पाणी आणणं सोपं आहे, गुरुजी. पाण्याले जाऊ देणं कठीण."

हल्ली सत्कारसमारंभात हार-नारळाच्या जोडीला अशा झाडाची चिमुकली कुंडी देण्याची प्रथा पडली आहे. वर्ध्याला एका शाळेत संस्कृत पाठांतराचा परीक्षक म्हणून मी गेलो होतो, तेव्हा मलाही एक मिळाली. कुंडी चिनी मातीची, देखणी, मात्र तळाला छिद्र नसलेली. श्रोत्यांत येळणे होते. आभारप्रदर्शन चालू असताना ते व्यासपीठावर आले, माझ्या हातची कुंडी घेऊन गेले, आणि सभागृहामागून गिरमिटाचा कर्कश आवाज येऊ लागला. वक्ते थांबले. अध्यक्षांनी पंख्याकडे पाहिले. थोड्या वेळाने येळणे परतले आणि भोक पाडलेली कुंडी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"गिरमिट घेऊनच आला होतात?" मी विचारले.

"सत्कार म्हटल्यावर कुंडी येणारच नं. काऊन, तुम्ही पंचांग घेतल्याबिगर घराबाहेर निघता का?"

ती कुंडी मी देवघराच्या खिडकीत ठेवली. काही आठवड्यांनी झाडाची पाने काचेसारखी पारदर्शक झाली आणि बोट लागताच गळू लागली. येळण्यांना बोलावणे पाठवले. काडी शिरली, बाहेर आली, नाकाशी गेली. येळण्यांचा चेहरा पडला.

"गुरुजी, भोक तर म्या पाडून देल्लं होतं. तुम्ही याले रोज काय पाजून राह्यले?"

"अभिषेकाचे तीर्थ."

"रोज?"

"नित्यपूजा रोजच असते."

"अन् सोमवारी?"

"सोमवारी पंचामृत."

येळणे मटकन खाली बसले. "दूध, दही, मध, साखर! झाड आहे का जावई आहे, बाप्पा?"

"तीर्थ पायदळी जाऊ नये, असा शास्त्रसंकेत आहे," मी म्हणालो.

"शास्त्र बरोबरच आहे. पण देवाच्या अंगावरचं पाणी कोणतं अन् नळाचं कोणतं, हे मुळाले काय समजते? ते दोन्हीत सारखंच गुदमरते. तुमच्या फाटकापाशी एवढा मोठा कडुनिंब आहे, त्याच्या बुडाशी घाला तीर्थ."

मग त्यांनी ओसरीत वर्तमानपत्र पसरले आणि झाड कुंडीतून अलगद काढले. माती झटकली. काळी पडलेली मुळे दोन बोटांत दाबली, तशी साल हातात आली. "हे गेलं. अन् हे पाहा, पांढरं, कडक. याच्यात जीव आहे." स्पिरिटने पुसलेल्या पात्याने त्यांनी कुजका भाग कापला, आतला गर स्वच्छ दिसेपर्यंत कापतच राहिले. जखमेवर दालचिनीची पूड लावली. "आता सावलीत सुकू देऊ. जखम भरली की मुरमात लावतो. त्याच्यानंतरबी थोडे दिवस थेंबभर पाणी नाई, नाईतर गेलंच समजा. पेशंट माह्या घरी राहीन. भेटाले येजा."

काही दिवसांनी झाड पाहायला त्यांच्या घरी जाताना मनात एक जुने कुतूहल होते. थेंबभर पाण्यावरून दुसऱ्यांना धारेवर धरणाऱ्या या माणसाच्या फाटकाखालून भर वैशाखातही पाण्याचा ओघळ रस्त्यावर येत असतो. हे कसे?

त्यांच्या ओसरीत उतरत्या फळ्यांवर कुंड्यांची रांग होती. ओसरी ओली होती. नुकतेच मुरमात लावलेले माझे झाड उंच कपाटाच्या माथ्यावर ठेवलेले होते. मला दाखवण्यासाठी येळण्यांनी ते खाली उतरवले, तोच आतून त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी तांब्या घेऊन आल्या.

"गुरुजी, कधी आले? बसा, चहा ठेवते." त्यांनी एकेका कुंडीला प्रेमाने पाणी घातले आणि त्या आत गेल्या. चहा आला. आम्ही तो घेतला. कप आत गेले. लगेच वहिनी भरलेला तांब्या घेऊन पुन्हा बाहेर.

"अवं बाई, झाडाइले पाणी द्याचं राह्यलंच! गुरुजी, तुम्ही कधी आले?"

मी येळण्यांकडे पाहिले. ते वहिनींकडे पाहत होते. "दे नं, दे," ते म्हणाले. "वाट पाहून राह्यले ते."

वहिनी आत गेल्यावर ते बराच वेळ काडीचे टोक नखाने साफ करत राहिले.

"आर्वीहून, माहेराहून आणलेलं एक झाड होतं तिचं. सडून गेलं. ती रोज सकाळी कुंडी पाहे अन् रोज नव्यानं रडे, गुरुजी. कालचं रडणं आज याद नाई. मंग म्या तांब्या लपवला. तं दिवसभर घरभर कायतरी शोधत राह्यली. काय शोधून राह्यली, तेबी तिले ठाव नाई. त्या दिवशी ठरवलं, तिचा हात थांबवाचा नाई. कुंडी बदलाची." त्यांनी एक कुंडी उचलून दाखवली. आत माती नावालाच. मुरूम, विटांचे तुकडे, जाड वाळू, आणि तळाला चाळणीसारखी भोके. "किती टाकू दे. आलं तसं निघून जाते. लोकाइची सडलेली झाडं पाहू-पाहूच शिकलो हे."

मी काही बोलणार, तोच वहिनी तिसऱ्यांदा बाहेर आल्या. चेहऱ्यावर तेच प्रसन्न अगत्य.

"अगंबाई, गुरुजी! कधी आले?"

"आत्ताच आलो, वहिनी."

"बसा, चहा ठेवते." मग त्यांची दृष्टी माझ्याजवळच्या कुंडीवर गेली. "हे कोणाचं झाड? याले कोणी पाणीच नाई देल्लं. पाहा, कसं कोरडं पडलं!"

त्यांनी तांब्या वाकवला. येळणे अर्धवट उठले. मग थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. झाड माझे होते.

"घाला, वहिनी," मी म्हणालो, "तुमच्या हातचे तीर्थच आहे ते."

वहिनींनी पाणी घातले. ते मुरमातून झरझर उतरले आणि फळीवरून ओघळत माझ्या पायांशी आले. मी पाय वर घेतले. येळण्यांचा हात खिशातल्या काडीकडे गेला, आणि तसाच परत आला.